ह्यूच्या नावानं शंख

ह्यू टिडमोरनं गेली पन्नास वर्षं माझ्याकडे केस कापलेले नाहीत. ऑस्कावात न्हाव्याचं दुकान एकच. ते आधी माझ्या बापाचं होतं, आता माझं आहे. ह्यूचं घर दुकानापासून चालत चार मिनिटांवर. तरी हा गृहस्थ दर तिसऱ्या आठवड्याला ट्रक काढतो, बारा मैलांवरच्या गावी जाऊन डोकं भादरून येतो आणि परत येताना माझ्या खिडकीसमोरून अगदी हळू जातो. टोपी मुद्दाम काढलेली, मान ताठ. मी काय समजायचं ते समजतो.

गावात त्याला लोक संत मानतात. कुणाचं वाईट बोलत नाही, दारू पीत नाही, नव्वदीच्या आईला तळहाताच्या फोडासारखं जपतो. मी म्हणतो, एक राग पन्नास वर्षं थेंबभरही न सांडता सांभाळणारा दुसरा माणूस मला दाखवा. मग लोक विचारतात, "पण रॉइस, तू त्याचं केलंस काय?" तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या मानेवरचा साबण पुसायला लागतो.

काय केलं ते आज सांगतो. तुम्ही गावाबाहेरचे आहात म्हणून; ह्यूच्या कानावर जाऊ देऊ नका.

आमच्या कॉलेजच्या फूटबॉल संघाचं नाव म्यूल्स, म्हणजे खेचरं. नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसत असावं. चौऱ्याहत्तर साली ह्यू वीस वर्षांचा होता आणि या खेचरांत पळायला तोच काय तो बरा होता. समोरच्या संघानं उंच लाथाडलेला चेंडू झेलायचा, छातीशी धरायचा आणि पळत सुटायचं, एवढंच त्याचं काम. कॅनाडी टेक या आमच्या वैरी कॉलेजशी सामना होता. आम्ही तीन गुणांनी पुढे, दोन मिनिटं उरलेली. चेंडू वरून आला, ह्यूच्या हातात आला आणि निसटला. त्यांनी तो उचलला आणि आम्ही हरलो. कॅनाडी टेककडून हरणं म्हणजे काय, हे ऑस्कावाबाहेरच्या माणसाला समजावून उपयोग नाही. माझा बाप आठवडाभर स्वतःची दाढी न करता लोकांच्या दाढ्या करत होता.

पुढच्या शनिवारी सामना घरच्या मैदानावर होता. ह्यू गोऱ्यामोऱ्या चेहऱ्यानं मैदानात आला. मी चौथ्या रांगेत होतो, एकवीस वर्षांचा, अंगात मस्ती. उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्याची हुर्यो उडवली. बूऽऽऽ. आधी मी एकटाच. मग माझी रांग उठली, मग शेजारची, मग साडेसहा हजार माणसं. ह्यू पांढऱ्या पट्ट्यावर थबकला. त्यानं वर पाहिलं, थेट आमच्या बाजूला, आणि आवाज कुठून सुरू झाला ते त्याला कळलं.

त्याची आई मिस व्हर्बीना (आमच्याकडे मानाच्या बाईला लग्नानंतरही मिसच म्हणतात) पहिल्या रांगेत बसली होती. मोज्यांच्या गिरणीत सोळाव्या वर्षापासून काम करून तिचे कान गेलेले. माझी बहीण डॉटी त्याच गिरणीत होती आणि त्या दिवशी तिच्या शेजारी बसली होती. एवढा गलका झाला तशी मिस व्हर्बीना मागे वळली, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि डॉटीला विचारलं, "काय म्हणतायत गं?"

डॉटी बिचारी देवभोळी. पटकन बोलून गेली, "त्याचं नाव घेतायत, मिस व्हर्बीना. ह्यूऽऽ, ह्यूऽऽ म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर मिस व्हर्बीना उभी राहिली. म्हणाली, "काल आख्ख्या गावानं माझ्या ह्यूचं नाव घेतलं. त्याच्या हातून एवढी चूक होऊनसुद्धा घेतलं. असं गाव दिल्याबद्दल मी देवाचे आभार मानते." मग तिनं सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि खाली बसली. पाद्री खोकला. बाकीचे मोज्यांकडे बघत बसले, बहुतेकांचे मोजे तिनंच विणलेले. आमच्याकडे माणूस माणसाला गोळी घालेल, पण आईच्या तोंडावर तिच्या पोराबद्दल वाकडं बोलणार नाही.

झालं. पुढच्या शनिवारी ती पहिल्या रांगेत मैदानाकडे पाठ करून बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. ह्यू मैदानात आला. करता काय? सगळ्यांनी मुकाट्यानं "ह्यूऽऽ" केलं. त्यानं त्या दिवशीही काही दिवे लावले नाहीत. पण गावाला सवय लागली. पुढे तो कॉलेजच्या मैदानाचा माळी झाला, गवत कापू लागला, पट्टे मारू लागला, आणि रंगाची गाडी ढकलत बाहेर आला की लोक मजेनं "ह्यूऽऽ" करू लागले. पाहुण्या संघांना वाटतं, काय गाव आहे, पट्टे मारणाऱ्याचीसुद्धा हुर्यो उडवतात.

आणि तो मात्र केस कापायला बारा मैल जातो.

आता गेल्या वर्षीचं. हंगाम सुरू होऊन चार सामने झालेले, चारही हरलेले. मंगळवारी दुपारी दुकानात मी एकटा होतो. दार उघडलं आणि ह्यू टिडमोर आत आला. माझ्या हातातून कंगवा पडला, खोटं कशाला बोलू?

"केस?" मी विचारलं.

"केस नाही."

"मग दार लाव. गार हवा फुकट येत नाही."

त्यानं दार लावलं. बुटांवर पांढऱ्या रंगाचे डाग. बसला नाही. टोपी हातात धरून म्हणाला, "शनिवारी मध्यंतरात आमच्या चौऱ्याहत्तरच्या संघाचा सत्कार आहे."

"वाचलं मी. चेंडू कसा सांडायचा त्यावर भाषण देणार आहेस का?"

त्यानं ते गिळलं. "आईला चाकांच्या खुर्चीवरून मैदानाच्या कडेला न्यायचं आहे. तुमच्या रांगेच्या अगदी समोर."

"बरं मग?"

"केंड्रानं तिच्या कानात नवं मशीन बसवलंय." केंड्रा म्हणजे ह्यूची मुलगी. "परवा आईला फ्रीजचा आवाज ऐकू आला. मला विचारत होती, हे काय गुरगुरतंय म्हणून."

त्याचं म्हणणं माझ्या डोक्यात आलं होतं, पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तिला फरक कळेल, रॉइस. हे मशीन लावून तिनं खरी हुर्यो ऐकली की तिला तेव्हाचीही कळेल. एक्याण्णव वर्षांची आहे ती. आता तिला ते कळू द्यायचं नाही मला. सुरुवात तुमच्या रांगेतून होते. तू करतोस. यंदाही चारही वेळा तूच केलीस. एक शनिवार गप्प बस."

पन्नास वर्षांनी माणूस दारात येतो आणि पहिलं काय मागतो, तर माझं तोंड बंद. माझी तार सटकली.

"का म्हणून? ही पोरं उभं राहून माती खातात आणि मी टाळ्या वाजवू? तुमच्या वेळी एक सँडविच मिळायचं खेळल्यावर. तो आपला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक गाड्यांच्या दुकानदारानं दिलेला नवा कोरा ट्रक उडवत हिंडतो आणि चेंडू नेमका समोरच्यांच्या हातात देतो!"

"ट्रक मिळाला म्हणून कातडी जाड होते का? एकोणीस वर्षांचा आहे तो."

"मी कॅनाडी टेकवर कधी ओरडलोय? आठव. कधीच नाही. कशाला ओरडू? ते माझे कोण लागतात? हुर्यो आपल्याच माणसाची उडवायची असते, ह्यू. ज्याच्याकडून काही मागायचा हक्क आहे त्याचीच. उठसूट टाळ्या वाटत सुटलो तर त्या टाळ्यांना कुत्रं विचारणार नाही."

"आपल्याच माणसाची उडवायची असते," तो हळू म्हणाला. "तू कधी मैदानात उभा राहिला नाहीस, म्हणून बोलतोस. खाली शब्द ऐकू येत नाहीत. पण आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळतं. समोरून आला तर माणूस चेकाळतो. आपल्या बाजूनं आला की पाय उचलत नाहीत. त्या पोराचे बघ शनिवारी. चेंडू फेकायच्या आधी तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही शिकवलंत त्याला ते."

"म्हणजे तो हरतो ते माझ्यामुळे?"

"मला मोबील बंदरात, गोदीत नोकरी मिळत होती," तो एकदम म्हणाला. "सत्त्याहत्तर साली. इथल्याच्या दुप्पट पगार. का गेलो नाही, माहीत आहे? मी इथं असलो की लोकांना माझ्यासमोर थोडी लाज वाटते, म्हणून तिच्यासमोर तोंड सांभाळतात. मी गेलो असतो तर आठवडाभरात कुणीतरी बोलून गेलं असतं. पन्नास वर्षं मी ते पट्टे काही गवताच्या प्रेमापोटी मारत नाहीय."

मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मी आणखी वाकड्यात शिरतो, हा माझा स्वभाव.

"मी वचन देत नाही," मी म्हणालो. "धड खेळले तर गप्प बसेन. घाण केली तर ओरडेन. पैसे मोजून तिकीट काढतो मी."

"ठीक आहे," तो म्हणाला, टोपी घातली आणि गेला. दार मात्र हळूच लावलं. संत ना!

शनिवारी मी उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन माझ्या जागेवर बसलो. मनात ठरवलं होतं, जाऊ दे, एक दिवस बसू गप्प. पण त्या खेचरांना कुणाची दया येईल तर शपथ. पहिलाच चेंडू निसटला. दुसऱ्या वेळी आमचेच दोघे एकमेकांवर आदळून आडवे झाले. क्वार्टरबॅकनं तीन चेंडू सरळ शत्रूच्या पोटात घातले, आणि दर वेळी फेकण्याआधी खरंच आमच्याकडे बघितलं. ते मला दिसलं आणि ह्यूचा जास्तच राग आला. मध्यंतराला सत्तावीस शून्य.

संघ खाली माना घालून स्टँडखालच्या बोगद्याकडे निघाला आणि आमच्या मागून हुर्यो सुरू झाली. या वेळी सुरुवात मी केली नाही, हे मी बायबलवर हात ठेवून सांगतो. विद्यार्थ्यांनी केली. मग सगळा स्टँड उठला. नेमक्या त्याच वेळी खालच्या फाटकातून ह्यू आईची खुर्ची ढकलत आला. थांबायचा प्रयत्न केला त्यानं, पण कॉलेजचा कुणी टाय घातलेला माणूस त्याला हातानं पुढे बोलावत होता. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं, "बावीस नंबर, ह्यू टिडमोर!" जुनी माणसं "ह्यूऽऽ" करायला लागली, पोरं संघाच्या नावानं "बूऽऽ" करत होती, आणि दोन्ही मिळून एकच घोंगावणारा आवाज झाला.

ह्यूनं खुर्ची आमच्यासमोर आणली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईच्या कानात ते नवं मशीन. आता काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, असं मलाही वाटलं. माझ्यासमोर सत्तावीस शून्य होतं, पाठीमागे पाच हजार माणसं होती. मी शेंगांची पिशवी खाली ठेवून उभा राहिलो आणि हात तोंडाशी नेले.

मिस व्हर्बीना आमची रांग न्याहाळत होती. चौऱ्याहत्तर साली बघितलं होतं अगदी तशीच, एकेक तोंड. तिची नजर माझ्यापाशी आली आणि थांबली. पण ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. नजर बोटभर खाली होती.

साथीच्या वर्षी सगळे तोंडाला मास्क लावून हिंडत होते, तेव्हा मिस व्हर्बीनाला कुणाचं एक अक्षर कळत नव्हतं. गाव म्हणालं, संपले म्हातारीचे कान. मग मास्क निघाले आणि तिचे कान सुधारले. देवाची कृपा म्हणालो आम्ही. मी आयुष्यभर आरशात लोकांची तोंडं बघत आलोय, माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. तो तिथे पडला, चौथ्या रांगेत, तोंडाशी हात असताना. "बू" म्हणण्यासाठी माझे ओठ मिटलेले होते, आणि ती मिटलेल्या ओठांकडे बघत होती.

मी तोंड उघडलं, ओठ एकमेकांना लागू न देता, आणि ओरडलो, "ह्यूऽऽऽ!"

शेजारच्यानं माझा दंड धरला. "ए रॉइस, म्हातारचळ लागला का तुला? सत्तावीस शून्य आहे!"

"ह्यूऽऽऽ!" मी पुन्हा ओरडलो. पाठीत शेंगांची ओली टरफलं बसली. "बसव रे त्याला खाली," कुणीतरी म्हणालं, आणि ज्या रांगेला मी पन्नास वर्षं हुर्यो शिकवली त्या रांगेनं माझी हुर्यो उडवली. कशी लागते ती? वाईट लागते. आपल्याच बाजूनं येते.

ह्यू बाकीच्या म्हाताऱ्या गड्यांबरोबर मानचिन्ह घ्यायला मैदानाच्या मधोमध गेला. मिस व्हर्बीनानं मला बोटानं खाली बोलावलं. मी गेलो. एकाहत्तराव्या वर्षीही त्या बोटापुढे माझं काही चालत नाही. तिनं कानातलं मशीन काढून मांडीवर ठेवलं.

"नुसता कचरा ऐकू येतो यातून," ती म्हणाली. "तोंड इकडे कर. हां. पन्नास वर्षं लागली तुला, रॉइस."

"मॅम?"

"'ब'ला ओठ मिटतात. 'ह'ला मिटत नाहीत. गिरणीत यंत्रांपुढे कुणाला काय ऐकू यायचं? आम्ही बायका जन्मभर ओठांवर बोललो. तुझी बहीण खोटं बोलली तेही मला दिसलं, आणि पहिलं तोंड कुणाचं मिटलं तेही दिसलं."

मी कठडा धरला. "मग चर्चमध्ये तुम्ही..."

"मग काय रडत बसू? तुम्हाला लाज वाटेल असं काहीतरी करायला हवं होतं. केलं."

"पण ह्यूला का नाही सांगितलंत? तुम्हाला ठाऊक आहे हे त्याला माहीत नाही. तो तुमच्यासाठी इथं राहिला. मोबीलची नोकरी सोडली त्यानं!"

"माहीत आहे मला का राहिला ते," ती म्हणाली. मैदानात ह्यू कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून फोटोला उभा होता. तिनं बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. "सांगितलं असतं तर गेला असता. मला पोरगं जवळ हवं होतं. आधी म्हटलं, एक वर्ष. मग आणखी एक." ती माझ्याकडे वळली. "आता त्याला कळलं तर तो मला टाकणार नाही. पण आपण उगाच राहिलो असं त्याला वाटेल, सत्तराव्या वर्षी. तू गावातला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस आहेस, रॉइस. हे तोंड बंद ठेवायचं."

मला तिचा संताप आला. खरं सांगतो, त्या क्षणी त्या स्टेडियमवर हुर्यो उडवण्याच्या लायकीचं कुणी असेल तर ती खुर्चीत बसलेली बाई होती, आणि दुसरा मी. मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात ह्यू आला, मानचिन्ह काखेत मारून, धावल्यासारखा. त्यानं आधी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या मशीनकडे. मला जरा बाजूला घेतलं.

"काय म्हणाली?"

मी ओठ घट्ट मिटून उभा होतो. हे काम मला येत नाही.

"रॉइस, काय म्हणाली ती?"

"मशीनमधून नुसता कचरा ऐकू येतो म्हणाली."

"म्हणजे तिला कळलं नाही."

"नाही," मी म्हणालो. "तुझं नाव घेत होते असंच वाटतंय तिला."

त्यानं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं," तो म्हणाला. "नाहीतर इतकी वर्षं राहून काय मिळवलं असतं मी?"

मग तो खुर्ची ढकलत फाटकाकडे गेला. केस तो अजून तिकडेच कापतो.